बैलगाडीतलं इंधन ते ‘बायपास’ इंजिन : जेआरडींचा हिशोब

रिसोड तालुक्यातल्या रिठदच्या शिवारातून वर पाहिलं, की कधी कधी उंच आकाशात बारीक पांढरी रेघ ओढत जाणारं विमान दिसतं. देशातल्या देशात उडणारी बहुतेक मोठी विमानं एका मार्गिकेची असतात. मधे चालायची वाट आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन खुर्च्या. गेल्या काही वर्षांत विमान कंपन्या या प्रकारातली जुनी विमानं काढून कमी इंधन पिणारी नवी विमानं घेत आहेत. दिसायला दोन्ही जवळपास सारखीच, मुख्य फरक आहे तो इंजिनात. जुनं विमान केव्हा काढायचं आणि नवं केव्हा घ्यायचं, हा प्रश्न आपल्या देशात एका माणसाने चार दशकांहून अधिक काळ सोडवला. ते म्हणजे जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा, अर्थात जेआरडी.

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील पारशी, आई सुझान फ्रेंच. उत्तर फ्रान्समधल्या हार्डेलोच्या किनाऱ्यावर त्यांच्या सुट्ट्या जात. इंग्लिश खाडी विमानाने सर्वांत आधी पार करणारे लुई ब्लेरिओ यांचं घर तिथून जवळच होतं. विमानाचं वेड तिथे लागलं ते कायमचं. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिला परवाना.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते ‘पस मॉथ’ नावाचं एका इंजिनाचं छोटं विमान घेऊन कराचीहून निघाले. सोबत सुमारे २५ किलो टपाल होतं. वाटेत अहमदाबादला इंधन भरायला थांबले, तर इंधनाचे डबे बैलगाडीतून आले. तिथून ते मुंबईच्या जुहूला उतरले. पुढे मद्रासपर्यंतचं टपाल त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी नेलं. जुहूचा तळ पावसाळ्यात चिखलात जाई, म्हणून त्या दिवसांत पुण्याहून उड्डाणं होत. अशा तुटपुंज्या साधनांनिशी चाललेल्या सेवेला पहिल्या वर्षी सुमारे ६० हजार रुपये नफा झाला.

मग विमानं बदलत गेली. पस मॉथनंतर जास्त जागा असलेली विमानं आली. १९४६ मध्ये कंपनीचं नाव एअर इंडिया झालं. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे चार इंजिनांचं लॉकहीड कॉन्स्टेलेशन मुंबईहून कैरो, जिनिव्हा असं करत लंडनला गेलं. १९५३ मध्ये विमानसेवेचं राष्ट्रीयीकरण झालं. जेआरडींना ते पटलेलं नव्हतं, तरीही त्यांनी अध्यक्षपद स्वीकारलं. प्रवासात ते खुर्च्यांपासून चहापर्यंत प्रत्येक गोष्टीच्या नोंदी करत आणि त्या संबंधितांना पाठवत.

त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा बदल १९६० मध्ये झाला. त्या वर्षी एअर इंडियाकडे पहिलं बोइंग ७०७ आलं, ‘गौरीशंकर’. कॉन्स्टेलेशन तासाला साधारण ५०० किलोमीटर जाई, तर ७०७ सुमारे ९००. त्याच वर्षी न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. जून १९६२ मध्ये कॉन्स्टेलेशन विमानांना निरोप मिळाला आणि ताफ्यात फक्त जेट विमानं असलेली जगातली पहिली विमान कंपनी म्हणून एअर इंडिया ओळखली गेली.

इथे एक गोष्ट अनेकांना आश्चर्याची वाटेल. पहिली जेट विमानं इंधनाच्या बाबतीत काटकसरी नव्हती. दर प्रवाशामागे दर किलोमीटरला ती शेवटच्या पिस्टन विमानांपेक्षा जास्तच इंधन पीत. फायदा होता तो वेगाचा. एकच विमान दिवसभरात जास्त अंतर कापे, जास्त माणसं नेई. शिवाय जेट इंजिनात हलणारे भाग कमी, त्यामुळे देखभाल सोपी आणि इंधन तेव्हा स्वस्त. म्हणून हिशोब जमला.

पण पुढच्या काटकसरीचं बीज त्या ७०७ मध्येच होतं. एअर इंडियाच्या पहिल्या ७०७ विमानांवर रोल्स-रॉइसची ‘कॉनवे’ इंजिनं होती. प्रवासी सेवेत आलेलं हे पहिलं ‘बायपास’ इंजिन. ते वापरणाऱ्या जगातल्या सुरुवातीच्या मोजक्या कंपन्यांपैकी एअर इंडिया एक होती.

बायपास म्हणजे काय? इंजिन हवा मागे ढकलतं, म्हणून विमान पुढे जातं. थोडी हवा फार वेगाने ढकलली काय किंवा दुप्पट हवा निम्म्या वेगाने ढकलली काय, मिळणारा रेटा सारखाच. मात्र हवेला वेग देण्यासाठी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ढोबळ हिशोबाने दुसऱ्या रीतीत ऊर्जा निम्मीच लागते. म्हणून सगळी हवा इंजिनाच्या तापलेल्या गाभ्यातून न नेता बरीचशी बाहेरून वळवायची आणि सावकाश ढकलायची. आवाजही त्यामुळे कमी होतो. कॉनवेमध्ये बाहेरून वळणारी हवा गाभ्यातल्या हवेच्या जेमतेम पाव भागाच्या आसपास होती. १९७१ मध्ये एअर इंडियाने आणलेल्या जंबो ७४७ च्या इंजिनांत ती सुमारे पाचपट झाली. पुढे दोनच वर्षांत खनिज तेलाचा भाव जवळपास चौपट झाला आणि प्रत्येक लिटरला महत्त्व आलं.

या वाटचालीत दुःखंही होती. ‘मलबार प्रिन्सेस’ १९५० मध्ये माँ ब्लाँ पर्वतावर कोसळलं. १९६६ मध्ये त्याच पर्वतावर ७०७ ‘कांचनगंगा’ आदळलं आणि त्यात जेआरडींचे स्नेही डॉ. होमी भाभा गेले. १ जानेवारी १९७८ रोजी जंबो ‘एम्परर अशोक’ मुंबईजवळ समुद्रात पडलं. पुढच्याच महिन्यात सरकारने जेआरडींना अध्यक्षपदावरून दूर केलं.

त्यांचं विमानप्रेम मात्र आटलं नाही. १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, जुन्या ‘लेपर्ड मॉथ’ विमानातून त्यांनी कराची ते मुंबई हे उड्डाण पुन्हा एकट्याने केलं. १९८९ मध्ये इंडियन एअरलाइन्सकडे एका मार्गिकेची एअरबस ए-३२० विमानं आली. १९९२ मध्ये जेआरडींना भारतरत्न मिळालं आणि २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचं निधन झालं.

त्या ए-३२० च्या जागी आता ‘निओ’ ही नवी आवृत्ती येत आहे. तिच्या इंजिनात बाहेरून जाणारी हवा गाभ्यातल्या हवेच्या अकरा-बारा पट असते. एका प्रकारात पुढचा मोठा पंखा सावकाश आणि मागचं टर्बाइन वेगाने फिरावं म्हणून मधे गिअर बसवले आहेत. पंखांची टोकं वर वळवून हवेचा अडथळाही कमी केला आहे. यातून इंधन सुमारे १५ ते २० टक्के वाचतं. एक किलो इंधन जाळलं की तीन किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे लक्षात घेतलं की या बचतीचं मोल कळतं. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे परतली आणि पुढच्या वर्षी तिने ४७० विमानांची मागणी नोंदवली. त्यातली ४०० एका मार्गिकेची आहेत.

नवं म्हणजे निर्धोक असं नाही. २०२३ मध्ये गिअरवाल्या इंजिनांच्या काही भागांसाठी वापरलेल्या धातूच्या भुकटीत दोष आढळला. तपासणीसाठी जगभरातली शेकडो विमानं उभी करावी लागली, त्यात इंडिगोचीही बरीच होती. आणखी एक हिशोब उरतोच. प्रत्येक विमान कमी इंधन पीत असलं, तरी उड्डाणांची संख्या त्याहून झपाट्याने वाढली तर एकूण धूर वाढतच राहतो. जेआरडींच्या काळात प्रश्न कंपनी तगण्याचा होता. आता त्याच आकडेमोडीत हवामानाचाही रकाना आला आहे, आणि तो इंजिन बदलून एकट्याने भरणारा नाही.