राक्षसाचा सिनेमा काढणारे इशिरो होंडा

मुलांनो, गॉडझिला राक्षसाचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. त्याचा पहिला सिनेमा इशिरो होंडा यांनी काढला. त्यांचा जन्म ७ मे १९११ रोजी जपानमधील यामागाता भागातल्या एका खेड्यात झाला. वडील बौद्ध मंदिरात पुजारी होते. होंडा टोकियोला सिनेमाच्या कामाला लागले, पण सैन्याचं बोलावणं आलं. कित्येक वर्षं चीनमध्ये लढाईत गेली. १९४६ साली घरी परतताना वाटेत हिरोशिमा शहर लागलं. ६ ऑगस्ट १९४५ च्या अणुबाँबने ते बेचिराख झालं होतं. ते दृश्य त्यांच्या मनातून कधी गेलं नाही.

मार्च १९५४ मध्ये अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बाँब उडवला. त्याची विषारी राख जपानी मासेमारी बोटीवर पडली. २३ जण आजारी पडले, एक दगावला. त्याच वर्षी नोव्हेंबरात होंडांचा सिनेमा आला.

त्यात बाँबच्या चाचण्यांमुळे समुद्रातला राक्षस चवताळतो आणि टोकियो जाळतो. राक्षस खोटा हं! रबरी पोशाख घालून माणूसच छोट्या घरांवरून चालायचा. पण दवाखान्यातली जखमी मुलं बघून लोकांना लढाई आठवली. राक्षस म्हणजे अणुबाँबच!

शेवटी एक शास्त्रज्ञ आपल्या अस्त्राने राक्षसाला मारतो. पण हे अस्त्र उद्या माणसांवर पडेल, म्हणून तो आधीच सगळे कागद जाळतो आणि स्वतःही समुद्रातच प्राण सोडतो.

होंडा २८ फेब्रुवारी १९९३ रोजी वारले. राक्षसाला माणूसच जागं करतो, हे त्यांनी जगाला दाखवलं.