फ्रेडी मर्क्युरी

फ्रेडी मर्क्युरी (मूळ नाव : फारोख बुलसारा, जन्म : स्टोन टाऊन, झांझिबार, ५ सप्टेंबर १९४६, मृत्यू : लंडन, २४ नोव्हेंबर १९९१) हे क्वीन ह्या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाचे मुख्य गायक, पियानोवादक आणि गीतकार-संगीतकार होते. 'बोहेमियन रॅप्सडी' (१९७५) ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध रचना होय.

बालपण आणि शिक्षण

फारोख यांचा जन्म पारशी कुटुंबात झाला. बुलसार म्हणजे आजचे गुजरातमधील वलसाड. घराण्याचे आडनाव ह्या गावावरून आले. वडील बोमी हे झांझिबारमध्ये ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. आईचे नाव जेर. वयाच्या आठव्या वर्षी फारोख यांना शिक्षणासाठी पाचगणीच्या सेंट पीटर्स स्कूलच्या वसतिगृहात पाठविण्यात आले. तेथे ते पियानो शिकले आणि बाराव्या वर्षी मित्रांबरोबर त्यांनी 'द हेक्टिक्स' नावाचा वाद्यवृंद काढला. फ्रेडी हे नावही त्यांना ह्याच शाळेत मिळाले. पुढील आयुष्यात पाचगणीविषयी ते क्वचितच बोलले. त्यामुळे ह्या जगप्रसिद्ध गायकाची जडणघडण सातारा जिल्ह्यातील एका गिरिस्थानी झाली, हे महाराष्ट्रातही अनेकांना उशिरा कळले.

१९६३ मध्ये ते झांझिबारला परतले. पुढच्याच वर्षी तेथे क्रांती झाली आणि बुलसारा कुटुंब जीव वाचवून इंग्लंडला आले. लंडनजवळच्या फेल्टम येथे त्यांनी नव्याने संसार मांडला. फ्रेडी यांनी ईलिंग कला महाविद्यालयातून १९६९ मध्ये ग्राफिक कलेची पदविका घेतली.

क्वीनची स्थापना

गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर यांच्यासह १९७० मध्ये त्यांनी नवा वाद्यवृंद उभारला. क्वीन हे नाव फ्रेडी यांनीच सुचविले आणि सदस्यांच्या राशिचिन्हांचा उपयोग करून त्याचे मानचिन्हही स्वतः रेखाटले. ह्याच सुमारास त्यांनी मर्क्युरी हे आडनाव धारण केले. बास गिटारवादक जॉन डीकन १९७१ मध्ये सामील झाले.

'बोहेमियन रॅप्सडी'

ह्या गीताच्या काही कल्पना त्यांच्या मनात १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून घोळत होत्या. उपलब्ध हस्तलिखितांत एके ठिकाणी 'मंगोलियन रॅप्सडी' असे शीर्षक लिहून त्यातील पहिला शब्द खोडलेला दिसतो. गीताची रचना तत्कालीन रूढ चौकटीत मुळीच बसत नाही. त्यात ध्रुपद नाही. केवळ कंठस्वरांचा प्रारंभ, पियानोच्या साथीतील शोकगीत, गिटारचे एकल वादन, ऑपेराचे विडंबन वाटावे असा समूहगायनाचा भाग, आक्रमक रॉक आणि शांत समारोप असे एकापुढे एक खंड येतात. एका तरुणाने आईजवळ दिलेली हत्येची कबुली हा शोकगीताचा विषय आहे. ऑपेराच्या भागात मात्र इटालियन नाट्यपात्रे, शास्त्रज्ञ गॅलिलिओचे नाव आणि अरबी भाषेतील ईश्वरस्मरणाचा शब्द एकत्र येतात.

ध्वनिमुद्रणास ऑगस्ट १९७५ मध्ये वेल्समधील मॉनमथजवळच्या रॉकफील्ड स्टुडिओत प्रारंभ झाला. निर्माते रॉय थॉमस बेकर होते. संपूर्ण आराखडा मर्क्युरी यांच्या डोक्यात होता. इतरांना तो तुकड्यातुकड्यांनीच कळत असे. वाद्यांचे मूळ मुद्रण करताना ऑपेराच्या भागासाठी थोडी फीत कोरी सोडली होती, परंतु मर्क्युरी त्यात भर घालत गेले आणि केवळ त्या भागासाठी सुमारे तीन आठवडे लागले. मर्क्युरी, मे आणि टेलर हे तिघेच दिवसाचे दहा-बारा तास गात असत. सर्वांत उंच स्वर टेलर यांचे आहेत. त्या काळच्या यंत्रावर चोवीसच ध्वनिपट्ट्या असत. म्हणून भरलेल्या पट्ट्या एकत्र करून एका पट्टीवर उतरवायच्या आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यांवर पुन्हा गायचे, अशी पद्धत अवलंबिली गेली. अशा रीतीने सुमारे १८० आवाज एकावर एक चढले. फीत इतक्या वेळा यंत्रातून फिरली, की तिच्यावरील लेप झिजून आरपार उजेड दिसू लागला. फीत तुटली असती तर आठवड्यांचे श्रम वाया गेले असते.

गीताची लांबी ५ मिनिटे ५५ सेकंद झाली. इतके लांब गीत रेडिओवर लागणार नाही, असे ईएमआय कंपनीचे मत होते आणि ते व्यवहाराला धरूनच होते. मात्र गीताला कात्री लावण्यास वाद्यवृंदाने नकार दिला. कॅपिटल रेडिओचे निवेदक केनी एव्हरेट यांना एक प्रत खासगीरीत्या मिळाली होती. त्यांनी ती दोन दिवसांत चौदा वेळा वाजविली आणि श्रोत्यांची मागणी सुरू झाली. ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी प्रकाशित झालेले हे गीत ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. ब्रूस गोवर्स यांनी त्यासाठी केलेल्या चित्रफितीचे चित्रीकरण अवघ्या चार तासांत उरकले होते. रंगमंचावर ऑपेराचा भाग गाणे अशक्य असल्याने तेवढा वेळ वाद्यवृंद आत जाई आणि ध्वनिफीत वाजविली जाई.

गीताचा अर्थ सांगण्याचे मर्क्युरी यांनी आयुष्यभर टाळले. काही अभ्यासकांना त्यात त्यांच्या लैंगिकतेची अप्रत्यक्ष कबुली दिसते. हा तर्क आकर्षक असला तरी तो तर्कच आहे.

उत्तरायुष्य आणि मृत्यू

१३ जुलै १९८५ रोजी वेम्ब्ली मैदानावरील लाइव्ह एड कार्यक्रमात क्वीनने केलेले वीसेक मिनिटांचे सादरीकरण विशेष गाजले. सोप्रानो गायिका मोन्सेरात काबाये यांच्यासह त्यांनी १९८८ मध्ये 'बार्सिलोना' हा संग्रह प्रकाशित केला; ऑपेराची त्यांची ओढ येथे विडंबन सोडून गंभीर झालेली आढळते. १९८७ मध्ये त्यांना एचआयव्ही संसर्गाचे निदान झाले होते. ते त्यांनी जवळच्या व्यक्तींपुरते ठेवले आणि प्रकृती ढासळत असतानाही ध्वनिमुद्रण चालू ठेवले. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्यांनी आजार जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचे केन्सिंग्टन येथील राहत्या घरी निधन झाले. अंत्यविधी झरथुष्ट्री धर्मगुरूंनी केले.

त्यानंतर 'बोहेमियन रॅप्सडी' ब्रिटनमध्ये पुन्हा पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. त्याचे उत्पन्न एड्स रुग्णांसाठी काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला देण्यात आले. गीताची हस्तलिखित पाने आणि ज्या यामाहा पियानोवर ते रचले गेले तो पियानो यांचा सप्टेंबर २०२३ मध्ये लंडन येथे लिलाव झाला. पियानोला सुमारे १७ लाख पौंड, तर हस्तलिखिताला सुमारे १४ लाख पौंड किंमत आली.