मॅज सायर्स

मॅज सायर्स (१६ सप्टेंबर, १८८१ - ९ सप्टेंबर, १९१७) ह्या ब्रिटिश फिगर स्केटिंगपटू होत्या. फिगर स्केटिंगच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत उतरलेल्या त्या पहिल्या महिला होत. १९०२ साली त्यांनी पुरुष स्पर्धकांबरोबर खेळून दुसरा क्रमांक मिळवला. पुढे महिलांसाठी सुरू झालेल्या स्वतंत्र अजिंक्यपद स्पर्धेच्या पहिल्या दोन विजेतेपदांवर (१९०६ व १९०७) आणि १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधील महिला एकेरीच्या सुवर्णपदकावर त्यांनी आपले नाव कोरले.

पूर्वायुष्य

त्यांचे विवाहापूर्वीचे नाव फ्लोरेन्स मॅडलिन केव्ह. त्यांचा जन्म लंडनमधील केन्सिंग्टन भागात झाला. वडील एडवर्ड जार्व्हिस केव्ह हे बांधकाम व्यावसायिक होते व त्यांना एकूण १५ अपत्ये होती. पोहणे व अश्वारोहण यांतही मॅज निपुण होत्या. नाइट्सब्रिज येथील प्रिन्सेस स्केटिंग क्लबच्या बर्फाच्या मैदानावर त्या नियमित सराव करीत. १८९९ मध्ये त्यांची एडगर सायर्स यांच्याशी ओळख झाली. एडगर हे त्यांच्याहून सुमारे १८ वर्षांनी मोठे असून स्वतः स्केटिंगपटू व प्रशिक्षक होते. १९०० मध्ये दोघे विवाहबद्ध झाले. त्याच वर्षी बर्लिन येथील जोडी स्पर्धेत त्यांना दुसरे स्थान मिळाले.

शैली व तंत्र

त्या काळी इंग्लंडमध्ये ताठ व औपचारिक अशी 'इंग्लिश शैली' रूढ होती. शरीर सरळ, हात अंगालगत आणि मोकळा पाय जमिनीवरील पायाजवळ ठेवून मोठमोठे वळसे घेणे, हे तिचे वैशिष्ट्य होते. याउलट अमेरिकन स्केटिंगपटू जॅक्सन हेन्स यांच्या प्रभावातून व्हिएन्नात वाढलेल्या 'आंतरराष्ट्रीय शैली'त गुडघा लवचीकपणे वाकवला जाई आणि हात व मोकळा पाय तोल साधण्यासाठी वापरले जात. एडगर यांच्या प्रोत्साहनाने मॅज यांनी ही दुसरी शैली स्वीकारली.

या बदलाचा संबंध थेट कडांवरील नियंत्रणाशी होता. स्केटच्या पात्याच्या तळाशी लांबट खोबण असते. तिच्यामुळे पात्याला आतील व बाहेरील अशा दोन कडा मिळतात. स्केटिंगपटू ज्या बाजूला झुकतो त्या बाजूची कड बर्फात रुतते व वक्र मार्ग तयार होतो. गुडघा वाकवल्यास अधिक झुकता येते व वक्रावर ताबा राहतो. प्रत्येक पायावर पुढे व मागे, आतील व बाहेरील अशा चार, म्हणजे दोन्ही पायांवर मिळून आठ प्रकारे कडेवरून सरकता येते. 'थ्री टर्न' व 'ब्रॅकेट' या वळणांत दिशेबरोबर कडही बदलते, तर 'रॉकर' व 'काउंटर' यांत दिशा बदलूनही कड तीच राहते. अनिवार्य आकृत्यांच्या विभागात स्पर्धकांना वर्तुळे व ही वळणे एकाच रेषेवर पुन्हा पुन्हा गिरवावी लागत. परीक्षक बर्फावर उमटलेली रेषा तपासत. चुकीच्या कडेवर पडलेला भार किंवा घसटलेले वळण त्या रेषेत लगेच दिसून येई. याच विभागावर सायर्स यांचे विशेष प्रभुत्व होते.

१९०२ ची जागतिक स्पर्धा व बंदी

आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेची स्थापना १८९२ साली झाली व तिची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १८९६ पासून भरू लागली. स्पर्धा पुरुषांचीच असल्याचे सर्वांनी गृहीत धरले होते. मात्र नियमांत महिलांना मनाई करणारे कलम नव्हते. याचा आधार घेऊन सायर्स यांनी १९०२ मध्ये लंडन येथील स्पर्धेत प्रवेश घेतला. स्वीडनचे उलरिच साल्को पहिले आले व सायर्स दुसऱ्या. साल्को यांनी आपले सुवर्णपदक त्यांना देऊ केले होते, असे सांगितले जाते.

यानंतर १९०३ च्या अधिवेशनात संघटनेने महिलांना या स्पर्धेतून वगळले. त्यासाठी तीन कारणे पुढे आली: लांब पोशाखामुळे परीक्षकांना पाय दिसत नाहीत; परीक्षक आपल्या मर्जीतील स्त्रीस झुकते माप देण्याची शक्यता असते; आणि स्त्री-पुरुषांच्या कामगिरीची तुलना करणे अवघड आहे. यांपैकी पहिल्या आक्षेपाला सायर्स यांच्याकडे कृतीतून उत्तर होते. त्या पोटरीपर्यंत येणारा आखूड झगा घालून खेळत, त्यामुळे पावलांची हालचाल स्पष्ट दिसे. तिसरा आक्षेप तर १९०२ च्या निकालाशीच विसंगत होता.

मायदेशात मात्र त्यांना पुरुषांबरोबर खेळता आले. १९०३ साली त्यांनी पहिली ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. १९०४ मध्ये त्यांनी हे विजेतेपद राखले. त्या वेळी उपविजेते होते त्यांचे पती एडगर.

महिला अजिंक्यपद व ऑलिंपिक

१९०५ मध्ये संघटनेने महिलांसाठी वेगळी स्पर्धा मंजूर केली. दावोस (१९०६) व व्हिएन्ना (१९०७) येथील पहिल्या दोन्ही स्पर्धा सायर्स यांनी जिंकल्या. दोन्ही वेळा ऑस्ट्रियाच्या जेनी हर्झ दुसऱ्या व हंगेरीच्या लिली क्रोनबर्गर तिसऱ्या आल्या. या स्पर्धांना त्या वेळी 'जागतिक' म्हटले जात नसे. तो दर्जा त्यांना नंतर पूर्वलक्षी प्रभावाने मिळाला.

फिगर स्केटिंगचा ऑलिंपिकमध्ये प्रथम समावेश १९०८ साली, म्हणजे पहिल्या हिवाळी ऑलिंपिकच्या १६ वर्षे आधी झाला. ऑक्टोबरमध्ये प्रिन्सेस स्केटिंग क्लबवरच झालेल्या महिला एकेरीत पाचही परीक्षकांनी सायर्स यांना पहिला क्रमांक दिला. जर्मनीच्या एल्सा रेंडश्मिट यांना रौप्य, तर ब्रिटनच्या डोरोथी ग्रीनहॉ-स्मिथ यांना कांस्यपदक मिळाले. जोडी प्रकारात मॅज व एडगर यांनी कांस्यपदक मिळवले.

लेखन, निवृत्ती व मृत्यू

ऑलिंपिकनंतर प्रकृतीच्या कारणास्तव सायर्स यांनी स्पर्धांतून निवृत्ती घेतली. सायर्स दांपत्याने हिवाळी खेळांवर (१९०८) आणि आंतरराष्ट्रीय शैलीच्या स्केटिंगवर (१९१३) ग्रंथ प्रसिद्ध केले. हृदयाच्या अंतःस्तराच्या तीव्र दाहामुळे हृदयक्रिया बंद पडून सरे परगण्यातील वेब्रिज येथे वयाच्या ३५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

वारसा

१९८१ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, जागतिक फिगर स्केटिंग कीर्तिदालनात त्यांचा समावेश करण्यात आला. ज्या अनिवार्य आकृत्यांत त्या पारंगत होत्या, त्या १९९० नंतर आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळल्या गेल्या; मात्र त्यांतील थ्री टर्न, ब्रॅकेट, रॉकर व काउंटर ही वळणे आजच्या पदन्यास-क्रमांमध्ये कायम आहेत.