जांबचा नारायण आणि बाराशे नमस्कार

आमच्या जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात जांब हे गाव आहे. १६०८ साली रामनवमीला सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या पोटी तेथे नारायण जन्मला. तेच पुढे समर्थ रामदास झाले. बाराव्या वर्षी ते बोहल्यावरून निघून गेले, ही गोष्ट घरोघरी ठाऊक आहे. मला मात्र त्यापुढची बारा वर्षे अधिक मोलाची वाटतात.

ही वर्षे त्यांनी नाशिकजवळच्या टाकळीत काढली. पहाटे स्नान, नदीच्या पाण्यात उभे राहून जप, मग माधुकरी आणि अध्ययन असा दिनक्रम. रोज बाराशे सूर्यनमस्कार घालीत, असे परंपरा सांगते. आकडा बाजूला ठेवला तरी शरीर कमावल्याशिवाय पुढचे आयुष्य झेपले नसते, हे उघड आहे. कारण टाकळीनंतर बारा वर्षे ते देशभर पायी हिंडले. १६४४ च्या सुमारास कृष्णाकाठी आले. चाफळ, मसूर, शहापूर, उंब्रज, शिराळे अशा गावी त्यांनी अकरा मारुती स्थापन केले. मारुती हे बळाचे दैवत. म्हणूनच गावोगावच्या तालमींत आजही त्याची तसबीर असते. शके १६०३ मध्ये सज्जनगडावर देह ठेवला, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती.

साठीच्या उंबरठ्यावर माझ्या रक्तात साखर निघाली, तेव्हा हे चरित्र मी पुन्हा वाचले. लहानपणी तालमीत घातलेले जोर-बैठका नोकरीत केव्हाच सुटले होते. चीनमध्ये वृद्ध मंडळी पहाटे बागेत ताई ची करतात. मूळची ती युद्धकला. आता तोल आणि सांधे सांभाळण्यासाठी ती केली जाते. आपल्या तालमीचाही असा उपयोग का होऊ नये? सूर्यनमस्काराला ना जागा लागते, ना पैसा. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकात त्याचा शाळाशाळांतून प्रसार केला, तो याच सोयीमुळे.

बाराशेच्या गोष्टीने छाती दडपते आणि माणूस एकही घालत नाही. समर्थांकडून घ्यायचे ते आकड्याचे नव्हे, नेमाचे. डॉक्टरांना विचारून मी रोज बारा घालतो. गुडघे कुरकुरतात, पण नेम मोडत नाही. घरातल्या नातवंडांना सोबत घेतले, तर वाचकहो, आपलाही मोडणार नाही.