शिकागो शहराचे आद्य पुरुष : जाँ बाप्तिस्त द्यु साबल

अमेरिकेतील शिकागो हे नाव आम्हा गिरणी कामगारांना १८८६ सालच्या आठ तासांच्या लढ्यामुळं माहीत आहे. परंतु आदिवासींच्या त्या भूमीवर बाहेरून येऊन प्रथम कायमचं घर बांधणारा माणूस काळा होता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

त्यांचं नाव जाँ बाप्तिस्त पॉइंट द्यु साबल. १७७९ साली, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, बंडवाल्यांना सामील असल्याच्या संशयावरून इंग्रजांनी त्यांना पकडलं. सुटका झाल्यावर पुढं त्यांनी शिकागो नदीच्या मुखाशी, उत्तर काठावर बस्तान बसवलं. पत्नी किटिहावा ही पोटावाटोमी या आदिवासी जमातीची. १७८८ साली चर्चमध्ये त्यांचा रीतसर विवाह झाला. एक मुलगा, एक मुलगी असा संसार होता.

नुसती झोपडी टाकून ते बसले नाहीत. ४० फूट लांब, २२ फूट रुंद घर, घोड्यावर चालणारी पिठाची गिरणी, पावाची भट्टी, दूधघर, कोठारं, गुरंढोरं, कोंबड्या असा सगळा पसारा त्यांनी उभा केला. १७९० साली तिथून जाणाऱ्या एका प्रवाशानं कापड देऊन त्यांच्याकडून पीठ आणि पाव घेतला. म्हणजे गावाचा पहिला बाजार त्यांच्याच दारात भरला, असं आम्ही म्हणतो.

१८०० साली त्यांनी हे सर्व ६००० लिव्हरला विकलं. २८ ऑगस्ट १८१८ रोजी मिसुरीतील सेंट चार्ल्स इथं त्यांचं निधन झालं. पुढं ते घर जॉन किंझी या गोऱ्या व्यापाऱ्याकडं गेलं आणि शहराचा जनक म्हणून त्याचाच उदो उदो झाला. ज्यानं भिंती उभारल्या त्याचं नाव पुसलं गेलं!

पण विक्रीचा कागद शिल्लक होता. विसाव्या शतकात तो सापडला, त्यात घरादाराची सगळी यादी निघाली. शिकागोच्या काळ्या भगिनींनी संघटना काढून पाठपुरावा केला आणि १९३३ च्या जागतिक प्रदर्शनात द्यु साबल यांच्या घराची प्रतिकृती उभी राहिली. १९६८ साली इलिनॉय राज्यानं त्यांना शहराचे संस्थापक मानलं. २०२१ साली सरोवराकाठच्या मोठ्या रस्त्याला त्यांचं नाव मिळालं. निधनानंतर दोनशेहून अधिक वर्षं गेली तेव्हा!

तेव्हा बंधुभगिनींनो, आपल्या वस्तीत पहिली खोली कुणी बांधली, नळ कुणी आणला, हे म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा. वहीत लिहा, जुनी भाडेपावती जपून ठेवा. आपली नावं आपणच लिहायची आहेत.