शंतनुराव किर्लोस्कर : विहिरीवरच्या इंजिनामागचा माणूस

किर्लोस्कर हे नाव आमच्या किल्लारीकडे शाळेच्या पुस्तकातून नाही, तर विहिरीवरून कळतं. लाईट गेली, ऊस वाळायला लागला की डिझेल इंजिनाचा आवाज रानभर घुमतो. ही इंजिनं घरोघरी पोचवणारे शंतनुराव मात्र आपल्यापैकी अनेकांना माहीतच नाहीत.

शंतनुरावांचा जन्म २८ मे १९०३ चा, सोलापूरचा. वडील लक्ष्मणराव म्हणजे लोखंडी नांगर बनवणारे उद्योजक. १९१० मध्ये औंध संस्थानातल्या ओसाड माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. शंतनुराव वाढले ते तिथेच, भट्टी आणि लेथच्या संगतीत. १९२२ ला ते अमेरिकेत एमआयटीला गेले आणि १९२६ मध्ये मेकॅनिकल इंजिनिअर होऊन परतले.

एमआयटी आहे बोस्टनजवळ. तिथे हिवाळ्यात पाणी गोठतं. गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं आणि इंजिनाचा कास्ट आयर्न ब्लॉक सरळ तडकतो. त्या काळी लोक रेडिएटरमध्ये अल्कोहोल घालायचे. ग्लायकॉलचं अँटिफ्रीझ सर्रास वापरात आलं ते नंतर. बोटींचं तर विचारूच नका. बोटीचं इंजिन खालचंच पाणी ओढून थंड होतं, म्हणून हिवाळ्याआधी ते पाणी काढून अँटिफ्रीझ फिरवावं लागतं.

आता गंमत बघा. विहिरीवरचं वॉटर-कूल्ड इंजिनही असंच चालतं. पंपाच्या डिलिव्हरीतून एक बारीक पाईप जॅकेटला जोडतात, पाणी आत फिरून बाहेर पडतं. आपल्याकडे बर्फ नाही, पण विहिरीचं जड पाणी आहे. ते जॅकेटमध्ये साचून राहिलं की क्षार बसतात, गंज चढतो. म्हणून हंगाम संपला की जाणते शेतकरी कॉक उघडून पाणी काढतात. तिकडचं विंटरायझिंग ते हेच! इंजिन जिथे चालणार तिथल्या पाण्याचा, धुळीचा आणि माणसांचा विचार आधी करावा लागतो.

इथल्या मातीला मानवणारं इंजिन इथेच बनवायचं, ते शंतनुरावांनी मनावर घेतलं. १९४६ मध्ये एका ब्रिटिश कंपनीच्या सहकार्याने पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑईल इंजिन्स सुरू झाली. देश स्वतंत्रही झाला नव्हता. विलायती मालच चांगला, अशी लोकांची समजूत होती आणि प्रिसिजन कामाचे कारागीर आयते मिळत नव्हते. त्यातच १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळला गेला. वडिलांनी माळावर उभं केलेलं सगळं राख होताना बघणं सोपं नसणार. तरी कारखाना पुन्हा उभा राहिला, खडकीचं कामही थांबलं नाही. पुढे १९६२ मध्ये किर्लोस्कर कमिन्स आली, १९६५ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. लायसन्स-परमिटच्या कारभारावर ते उघडपणे टीका करत, आणि ती अनेकांना रुचत नसे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आमचं गाव भूकंपात जमीनदोस्त झालं. माझा जन्मही तेव्हा झाला नव्हता, पण ती पहाट घरात अजून बोलली जाते. गाव नव्या जागी वसलं, रानं आणि विहिरी मात्र जुन्याच राहिल्या. हजारो माणसं गेली, तरी मागे उरलेल्यांना पिकाला पाणी द्यावंच लागलं. राखेतून किंवा ढिगाऱ्यातून उठून कामाला लागणं म्हणजे काय, हे आमच्याकडे वेगळं शिकवावं लागत नाही.

भूकंपानंतर सातच महिन्यांनी, २४ एप्रिल १९९४ ला पुण्यात शंतनुराव गेले. २००३ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांच्यावर पोस्टाचं तिकीट निघालं.

मित्रांनो, नोकरीचं पॅकेज जरूर बघा. पण बाहेरचं शिक्षण घेऊन आपल्या विहिरीला चालेल असं काही बनवता येतं, हे या माणसाने करून दाखवलंय. व्हायव्हात जॅकेट कूलिंगवर प्रश्न आला, तर एवढं आठवलं तरी पुरे!