खंडित सप्ताह आणि थोरले महाराज

गेल्या दत्तजयंतीला माझा गुरुचरित्राचा सप्ताह चौथ्या दिवशी खंडित झाला. उपाशीपोटी बसलो, साखर उतरली, आसनावरच भोवळ आली. मन फार खट्टू झालं. रामदासपेठेतल्या घरी अंथरुणावर पडून थोरल्या महाराजांचं चरित्र आठवत राहिलो.

प. प. वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामी महाराज 1854 साली कोकणात माणगावी जन्मले. 1883 मध्ये तिथे दत्तमंदिर उभारलं, पण सात वर्षांनी सारं मागे ठेवून निघाले. मूल हाती लागलं नाही. 1891 मध्ये गंगाखेडला पत्नी निवर्तल्या. चौदाव्या दिवशी महाराजांनी संन्यास घेतला. धरलेलं सुटत गेलं, सेवा सुटली नाही. संग्रहणी कायम मागे लागलेली. स्वतः वैद्यक जाणत, आहार मोजका ठेवत. भारतभर पायी फिरले, तरी चातुर्मासात एका जागी थांबत. आपल्या विदर्भात पवनीलाही राहिले. 1914 मध्ये गरुडेश्वरी नर्मदातीरी देह ठेवला.

यंदा डॉक्टरांना विचारून, वेळेवर खाऊन, रोज झेपतील तेवढेच अध्याय वाचतोय. सप्ताहाला महिना लागेल, लागू दे. देह त्यांनीच दिलाय, त्याची हेळसांड ही काही सेवा नव्हे.

श्रीगुरुदेव दत्त!